कलम चारचा विसरलेला उत्तरार्ध

१ ऑगस्ट १९१७. लंडनमध्ये १०, डाउनिंग स्ट्रीटवर युद्धमंत्रिमंडळाची बैठक चालू होती आणि त्याच मंत्रिमंडळाचे एक सदस्य, आर्थर हेंडरसन, दाराबाहेर ताटकळत होते. आत चर्चा चालली होती ती त्यांच्याचविषयी. न्यूकॅसलच्या ओतशाळेत काम शिकलेला हा माणूस मजूर पक्षाचा चिटणीस होता आणि युद्धकाळात पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या मंत्रिमंडळात पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसत होता. नुकतेच ते रशियाला जाऊन आले होते. झारशाही कोसळल्यावरची तिथली उलथापालथ पाहून, युरोपातल्या सगळ्या समाजवादी पक्षांनी स्टॉकहोमला एकत्र बसून शांततेची बोलणी करावीत, असे त्यांचे मत झाले होते. सहकाऱ्यांना ते पटले नाही आणि त्यांनी हेंडरसनना तासभर बाहेर थांबवले. इंग्लंडच्या राजकीय इतिहासात हा प्रसंग ‘पायपुसण्यावरचा प्रसंग’ म्हणून ओळखला जातो. दहा दिवसांनी हेंडरसननी राजीनामा दिला आणि पक्षाची नव्याने बांधणी करायला घेतली.

या अपमानातूनच सगळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण एका मजूर नेत्याला राज्यकर्त्यांच्या दाराशी आपली जागा कळली आणि आता दुसऱ्याच्या पंगतीत बसायचे नाही, स्वतःचे राज्य आणायचे, हे त्याने ठरवले, एवढे खरे. त्या बांधणीतून १९१८ मध्ये पक्षाची घटना तयार झाली आणि त्या घटनेतले चौथे कलम पुढची ७७ वर्षे ब्रिटिश डाव्या राजकारणाचा कणा होऊन राहिले. उद्योगधंदे कोणाच्या मालकीचे असावेत, या प्रश्नावर लोकशाहीतल्या एखाद्या पक्षाने इतकी वर्षे, इतक्या तळमळीने भांडण केल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे.

मजूर पक्षाचा जन्म फेब्रुवारी १९०० चा. लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरील मेमोरियल हॉलमध्ये कामगार संघटना आणि काही छोट्या समाजवादी मंडळांनी मिळून तो स्थापला, तेव्हा त्याच्याकडे आर्थिक धोरण असे काही नव्हते. कामगारांची माणसे पार्लमेंटमध्ये पाठवायची, इतकाच उद्देश होता. सार्वजनिक मालकीची कल्पना मात्र हवेत होती, आणि ती पसरवणारे सगळेच समाजवादी होते असेही नाही. बर्मिंगहॅमचे नगराध्यक्ष जोसेफ चेंबरलेन यांनी १८७० च्या दशकात शहराचा गॅसपुरवठा आणि पाणीपुरवठा नगरपालिकेच्या ताब्यात घेतला, तो चांगला धंदा आणि चांगले आरोग्य या दोन कारणांसाठी. फेबियन सोसायटी या समाजवादी मंडळातल्या लोकांनी तोच धागा पुढे नेला. गॅस आणि पाणी लोकांच्या मालकीचे होऊ शकते, तर कोळसा आणि रेल्वे का नाही, असे ते विचारू लागले.

पहिल्या महायुद्धाने या प्रश्नाला पुस्तकातून बाहेर काढले. १९१४ मध्ये सरकारने रेल्वे आपल्या नियंत्रणाखाली घेतली. १९१७ पर्यंत कोळशाच्या खाणी, जहाजे, दारूगोळ्याचे कारखाने अशा सगळ्यांवर सरकारचा हात आला. मालकांच्या आपसातल्या स्पर्धेशिवाय उद्योग चालत नाहीत, हे वर्षानुवर्षे ऐकवलेले वाक्य युद्धाच्या चार वर्षांत खोटे ठरताना कामगारांनी डोळ्यांनी पाहिले. त्यातच १९१८ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील जवळजवळ सर्व पुरुषांना आणि तिशी ओलांडलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. रशियात बोल्शेविक सत्तेवर आले होते. क्रांतीची भाषा करणाऱ्यांना उत्तर द्यायचे, तर मजूर पक्षाकडे स्वतःचे असे ध्येय असायला हवे होते.

ते शब्दांत मांडण्याचे काम सिडनी वेब यांच्याकडे आले. वेब हे वसाहत खात्यात कारकुनी केलेले, आकडे आणि अहवाल यांत रमणारे गृहस्थ. पत्नी बिॲट्रिस यांच्यासह त्यांनी कामगार चळवळीचा इतिहास लिहिला होता आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. फेब्रुवारी १९१८ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये मंजूर झालेल्या त्यांच्या मसुद्यातल्या चौथ्या कलमाच्या एका लांबलचक वाक्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात म्हटले होते की, हाताने वा बुद्धीने काम करणाऱ्यांना त्यांच्या श्रमाचे पूर्ण फळ मिळावे आणि त्यासाठी उत्पादनाची साधने समाईक मालकीची व्हावीत. दुसऱ्या भागात म्हटले होते की, प्रत्येक उद्योगाच्या कारभारावर लोकांचे नियंत्रण असावे आणि त्यासाठी शक्य तितकी उत्तम पद्धत शोधावी.

पुढचे सगळे भांडण पूर्वार्धावर झाले. उत्तरार्ध कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. माझ्या मते या इतिहासाची सगळी गोम तिथेच आहे.

उत्तरार्ध मुद्दाम सैल ठेवला होता, कारण पक्षात त्याबाबत एकमत नव्हते. वेब यांचा विश्वास तज्ज्ञांवर आणि प्रशासनावर होता. जी. डी. एच. कोल आणि त्यांच्या गिल्ड समाजवादी मित्रांना कारखान्याचा कारभार तिथल्या कामगारांच्या हाती हवा होता. सहकारी चळवळीतल्यांची दृष्टी आणखी वेगळी. आणि साउथ वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत तर १९१२ मध्येच काही तरुण खाणकामगारांनी एक पत्रक काढून बजावले होते की, खाणी नुसत्या सरकारच्या मालकीच्या झाल्या तर आपल्या वाट्याला आणखी एक मालक येईल, तोही पूर्वीच्यापेक्षा बलाढ्य. त्यांना खाण चालवायची होती. टोनीपँडीहून निघालेल्या त्या पत्रकाला तेव्हाच्या संघटनांच्या वरिष्ठांनी फारशी दाद दिली नाही.

युद्ध संपल्यावर पहिली कसोटी कोळशाचीच लागली. खाणकामगारांनी संपाची तयारी केली, तेव्हा लॉइड जॉर्जनी वेळ काढण्यासाठी न्यायमूर्ती जॉन सँकी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. १९१९ च्या वसंतात लॉर्ड्स सभागृहाच्या इमारतीतल्या राजाच्या वस्त्रदालनात या आयोगाचे कामकाज चालले. खाणकामगारांचे नेते रॉबर्ट स्मायली आयोगावर होते. जमिनीखालच्या कोळशाच्या प्रत्येक टनामागे ज्यांना स्वामित्वधन मिळत असे त्या ड्यूक आणि लॉर्ड मंडळींना साक्षीला बोलावण्यात आले. ही जमीन तुमच्याकडे कशी आली, तुमच्या मालकीचा कागद दाखवा, असे एक खाणकामगार नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकला विचारतो आहे, आणि देशभरातली वर्तमानपत्रे ते शब्दन् शब्द छापत आहेत, हे दृश्य ब्रिटनने कधी पाहिले नव्हते. याच आयोगापुढे नॉर्थम्बरलंडच्याच खाणकामगारांचे प्रतिनिधी विल्यम स्ट्रेकर यांनी सांगितले की, कामगाराला पगार हवाच आहे, पण तेवढ्याने भागणार नाही, त्याला कारभारात वाटा हवा आहे.

सँकींनी जूनमध्ये राष्ट्रीयीकरणाची शिफारस केली. लॉइड जॉर्जनी ऑगस्टमध्ये ती फेटाळली. १९२१ मध्ये खाणी मालकांना परत गेल्या, मजुरी कापली गेली, टाळेबंदी झाली. १९२६ मध्ये खाणकामगारांसाठी पुकारलेला देशव्यापी संप नऊ दिवसांत मागे घेतला गेला. खाणकामगार मात्र हिवाळा तोंडावर येईपर्यंत उपाशीपोटी लढले आणि हरले. १९४७ मध्ये खाणी सार्वजनिक मालकीच्या झाल्या तेव्हाच्या भावना समजून घ्यायच्या, तर खाणवस्त्यांमधली ही वर्षे लक्षात ठेवावी लागतात.

मजूर पक्षाची १९२४ आणि १९२९ ची सरकारे अल्पमतातली होती, त्यांच्याकडून फार काही झाले नाही. १९२९ मध्ये कलमात उत्पादनाच्या जोडीला वितरण आणि विनिमय हे शब्द घातले गेले, म्हणजे कागदावर बँका आणि व्यापारही आले. त्याच काळात एका माणसाने उत्तरार्धाचे उत्तर परस्पर देऊन टाकले. हर्बर्ट मॉरिसन हा लंडनच्या पोलीस शिपायाचा मुलगा. वाहतूकमंत्री म्हणून त्याने लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे एका सार्वजनिक महामंडळाखाली आणण्याचे विधेयक तयार केले. पक्षाचे सरकार १९३१ मध्ये कोसळले, पण थोड्याफार बदलांनी १९३३ मध्ये ते मंडळ अस्तित्वात आले. मॉरिसनचा आराखडा असा : मालकी जनतेची, धोरण मंत्र्याचे, कारभार मंत्र्याने नेमलेल्या कर्तबगार माणसांच्या मंडळाचा. मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून कोणी बसणार नाही. वाहतूक कामगारांचे पुढारी अर्नेस्ट बेव्हिन यांनी याला कडाडून विरोध केला आणि १९३२ व १९३३ च्या पक्ष अधिवेशनांत त्यावर खडाजंगी झाली. शेवटी प्रत्यक्षात उतरला तो मॉरिसनचाच आराखडा. त्याचे मोठे बळ हे होते की तो तयार होता आणि चालताना दिसत होता.

या वर्षांत हे वारे आपल्याकडेही पोचले होते. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत नाशिकच्या तुरुंगात एकत्र आलेल्या जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे, मीनू मसानी यांच्या चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्यातले मसानी वेब दांपत्याच्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले होते. स्वतंत्र भारतात उद्योगांच्या मालकीवर जे वाद झाले त्यांची एक मुळी त्या तुरुंगात आणि दुसरी लंडनमध्ये सापडते.

डिसेंबर १९४४. युद्ध संपायच्या बेतात होते. मजूर पक्षाच्या नेतृत्वाने अधिवेशनापुढे ठेवलेल्या ठरावात राष्ट्रीयीकरणाचा स्पष्ट उल्लेखच नव्हता. रीडिंगच्या शाखेतर्फे इयन मिकार्डो नावाचा एक तरुण उभा राहिला आणि त्याने जमीन, अवजड उद्योग, बँका, वाहतूक, इंधन आणि वीज सार्वजनिक मालकीची करण्याची दुरुस्ती मांडली. ती मंजूर झाली. मिकार्डो यांनी आठवणींत लिहिले आहे की, नंतर मॉरिसन जवळ आले, भाषण छान झाल्याचे म्हणाले, आणि तुझ्यामुळे आपण निवडणूक हरलो, असेही सांगून गेले. सात महिन्यांनी, जुलै १९४५ मध्ये, मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या.

क्लेमंट ॲटली यांचे सरकार झपाट्याने कामाला लागले. १ मार्च १९४६ ला बँक ऑफ इंग्लंड. त्याच वर्षी विमानवाहतूक. १ जानेवारी १९४७ ला कोळसा. १९४८ च्या पहिल्या दिवशी रेल्वे, एप्रिलमध्ये वीज, पुढच्या वर्षी मे महिन्यात गॅस. अर्थव्यवस्थेचा सुमारे पाचवा हिस्सा पाच वर्षांत सार्वजनिक मालकीचा झाला आणि एकही गोळी झाडली गेली नाही. पण इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी पुढे सांगितलेली एक गोष्ट मन अस्वस्थ करते. खाते हाती आल्यावर त्यांनी खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचा आराखडा शोधला. पक्ष चाळीस वर्षे ज्याविषयी बोलत होता त्याचा उपयोगी पडेल असा आराखडा पक्षाच्या दप्तरात नव्हता. हाती लागली ती एक-दोन पत्रके.

मग मॉरिसनचे महामंडळ होतेच. १ जानेवारी १९४७ च्या सकाळी देशभरातल्या कोळसा खाणींवर राष्ट्रीय कोळसा मंडळाचे निळे झेंडे चढले आणि प्रवेशद्वारांवर फलक लागले : ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवत आहे. बोचऱ्या थंडीत बायकामुलांसह लोक जमले, बँड वाजले, १९२६ मध्ये उपाशी राहिलेली म्हातारी माणसे रडली. सुमारे सात लाख खाणकामगारांचा तो दिवस होता. त्याचे मोल कमी लेखणाऱ्यांनी खाणवस्त्यांचा आधीचा इतिहास वाचलेला नसतो.

पण दुसऱ्या दिवशी पाळीवर गेल्यावर दिसला तो जुनाच मॅनेजर. कोळसा मंडळाचे पहिले अध्यक्ष लॉर्ड हिंडली हे पॉवेल डफ्रिन या साउथ वेल्समधल्या बड्या खाण कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. मंडळावर कामगार चळवळीतून आलेली दोघे होती खरी, पण ती नेमलेली होती, निवडलेली नव्हती. जुन्या मालकांना १६ कोटी पौंडांहून अधिक भरपाई ठरली आणि तिचा बोजा खाणींच्याच उत्पन्नावर पडला. जानेवारीअखेर शतकातला एक भीषण हिवाळा सुरू झाला. बर्फात कोळशाच्या वाघिणी अडकल्या, फेब्रुवारीत वीजपुरवठा तोडावा लागला आणि काही आठवडे वीस लाखांहून अधिक लोक बेकार झाले. मंडळ जेमतेम सहा आठवड्यांचे होते, पण दोषाचे खापर त्याच्या डोक्यावर फुटले.

मे महिन्यात पाच दिवसांचा आठवडा आला, ती जुनी मागणी होती. त्याच्या मोबदल्यात काम वाढवायचे ठरले. ऑगस्टमध्ये यॉर्कशायरमधल्या ग्राइमथॉर्प खाणीत प्रत्येक माणसाने रोज खणायच्या लांबीत दोन फुटांची वाढ सांगण्यात आली. त्या खाणीतल्या कामगारांनी नकार दिला आणि संप पुकारला. संप आसपासच्या खाणींत पसरला आणि हजारो माणसे घरी बसली. त्यांच्या विरोधात मंडळ होते, सरकार होते आणि त्यांची स्वतःची संघटनाही होती. फलक लागून जेमतेम आठ महिने झाले होते. खाण जनतेची, मग आमचे काम किती हे आम्हाला न विचारता कसे ठरते, हा त्यांचा प्रश्न होता. वेस्टमिन्स्टरमध्ये त्याकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. माझ्या दृष्टीने कलम चारचा उत्तरार्ध त्या दिवसांत ग्राइमथॉर्पला दारात येऊन उभा होता आणि त्याला आत घ्यायला कोणी आले नाही.

या उद्योगांनी काही केले नाही असे मुळीच नाही. कुजत चाललेल्या रेल्वेला आणि शेकडो कंपन्यांत विखुरलेल्या वीजपुरवठ्याला एकसंध रूप आले. खाणींत यंत्रे आली, खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे झाली, अपघाती मृत्यू घटत गेले. पण टंचाईच्या वर्षांत सरकारने कोळशाचे भाव मुद्दाम खाली ठेवले, म्हणजे खासगी कारखान्यांना इंधन स्वस्त मिळाले आणि मंडळाच्या हिशेबात तूट दिसली. पुढे ही तूटच सार्वजनिक मालकीच्या विरोधातला पुरावा म्हणून वाचली गेली.

पोलादावर येऊन गाडी अडखळली. हा उद्योग नफ्यात होता, मालक संघटित होते, लॉर्ड्स सभागृह आडवे आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये पोलाद कंपन्या ताब्यात आल्या. ऑक्टोबरमध्ये मजूर पक्ष अधिक मते मिळवूनही सत्तेबाहेर गेला आणि १९५३ मध्ये हुजूर पक्षाने पोलाद पुन्हा विकायला काढले. दरम्यान साखरेचा प्रश्न निघाला होता. पक्षाने १९४९ मध्ये साखर शुद्धीकरणाचा धंदा यादीत घालताच टेट अँड लाइल कंपनीने साखरेच्या पुड्यांवर ‘मिस्टर क्यूब’ नावाच्या तलवारधारी, चौकोनी साखरखड्याचे चित्र छापले. घराघरांतल्या चहाच्या टेबलावर रोज राष्ट्रीयीकरणविरोधी प्रचार पोचू लागला. फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे बहुमत अवघ्या ५ वर आले. साखर तशीच राहिली.

१९५६ मध्ये अँथनी क्रॉसलंड यांनी ‘द फ्यूचर ऑफ सोशॅलिझम’मध्ये मांडले की, मालकी हे एक साधन आहे, ध्येय समतेचे आहे, आणि त्यासाठी कर, शिक्षण आणि समाजकल्याण अधिक कामाचे. लागोपाठ तिसरा पराभव झाल्यावर १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकपूलला पक्षनेते ह्यू गेट्स्केल यांनी कलम चार बदलण्याची गोष्ट काढली. संघटना बिथरल्या. पक्षातलेच हॅरल्ड विल्सन यांनी म्हटले होते की, हे बायबलमधून उत्पत्तीचा अध्याय काढून टाकायला सांगण्यासारखे आहे. १९६० मध्ये गेट्स्केलनी माघार घेतली. श्रद्धा म्हणून कलम टिकले, पण त्यावर प्रामाणिक चर्चा करायची दारे तेव्हाच बंद झाली. मला वाटते, पक्षाने जे गमावले ते यामुळे. गेट्स्केल विरुद्ध संघटना असा सामना रंगला आणि महामंडळे कोणी, कोणाला उत्तरदायी राहून चालवायची, हे कोणत्याच बाजूने विचारले नाही.

विल्सन स्वतः पंतप्रधान झाल्यावर १९६७ मध्ये पोलाद पुन्हा राष्ट्रीय झाले. याच सरकारच्या काळात दोनशेहून अधिक खाणी बंद झाल्या, कारण तेल स्वस्त होते. मालक जनता होती आणि बंद करणारे सरकारही कामगारांचेच म्हणवणारे होते. १९७१ मध्ये रोल्स-रॉइस दिवाळखोरीत निघाल्यावर ती ताब्यात घेतली ती हुजूर पक्षाच्या एडवर्ड हीथ यांनी. म्हणजे तोवर सार्वजनिक मालकी ही बुडत्या कंपन्यांना टेकू देण्याची सोय होऊ लागली होती.

त्याविरुद्ध मजूर पक्षात डाव्या बाजूने उठाव झाला. १९७३ च्या कार्यक्रमात बड्या उद्योगांपैकी २५ कंपन्या घेण्याचा संकल्प आला, तो विल्सननी जाहीरनाम्यात येऊच दिला नाही. पक्ष पुन्हा सत्तेवर आल्यावर टोनी बेन उद्योगमंत्री झाले आणि त्यांनी मेरिडनच्या मोटारसायकल कामगारांच्या सहकारी संस्थेसारख्या प्रयोगांना पैसे दिले. पण १९७५ मध्ये त्यांना त्या खात्यातून हलवण्यात आले. जानेवारी १९७६ मध्ये लुकस एरोस्पेसच्या कामगारांनी आपल्या नोकऱ्या वाचवण्यासाठी, शस्त्रसामग्रीऐवजी काय बनवता येईल याची सुमारे १५० उत्पादनांची योजना मांडली. तिच्यात उष्णता पंप होते, डायलिसिसची यंत्रे होती, पवनऊर्जा होती, पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी वाहने होती. कंपनीने ती नाकारली आणि मजूर सरकारने तिच्यामागे बळ उभे केले नाही. १९७७ मध्ये बुलक समितीने मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी बसवावेत अशी शिफारस केली, तर संघटनांतच फूट पडली. काहींना वाटले, संचालक होऊन बसलो तर मालकाशी भांडणार कोण? अहवाल बासनात गेला. त्याच वर्षी नाणेनिधीच्या कर्जाखाली वाकलेल्या मजूर सरकारने ब्रिटिश पेट्रोलियमचे समभाग बाजारात विकले. मोठ्या खासगीकरणाचा रस्ता याच पक्षाने उघडला होता.

मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये आल्या तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात खासगीकरणाला फार थोडी जागा होती. वाटेत कळत गेले की सार्वजनिक उद्योग विकायला काढले तर लोक रस्त्यावर येत नाहीत. १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे समभाग वीस लाखांहून अधिक लोकांनी घेतले. मग गॅस, विमानकंपनी, पोलाद, पाणी, वीज. नगरपालिकांची दहा लाखांवर घरे भाडेकरूंनी विकत घेतली. नॅशनल फ्रेट ही मालवाहतूक कंपनी १९८२ मध्ये तिच्याच कर्मचाऱ्यांना विकली गेली. कामगार आपल्या कंपनीचा भागीदार होऊ शकतो, ही गोष्ट सामान्य माणसाला हुजूर पक्षाने करून दाखवली, हे समाजवाद्यांसाठी किती लाजिरवाणे होते!

मार्च १९८४ ते मार्च १९८५ चा, खाणी बंद करण्याविरुद्धचा खाणकामगारांचा संप या सगळ्याच्या मध्यभागी आहे. मालक होते तेच राष्ट्रीय कोळसा मंडळ, ज्याचे फलक १९४७ मध्ये लोकांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिले होते. अध्यक्षपदी सरकारने कठोर कपातीसाठी ओळखल्या जाणाऱ्या इयन मॅकग्रेगर यांना आणून बसवले होते. मंत्र्याने नेमलेल्या मंडळाला मंत्री काहीही करायला लावू शकतो, हे मॉरिसनच्या आराखड्यात पहिल्यापासून होते. फक्त मंत्री आपला असेल, असे त्याने गृहीत धरले होते. संप हरला. दहा वर्षांत उरलेल्या मूठभर खाणी विकल्या गेल्या.

त्यातली एक खाण मालकाला न जाता कामगारांना गेली. साउथ वेल्समधली टॉवर कोलियरी बंद केल्यावर तिथल्या २३९ माणसांनी आपल्या भरपाईतले प्रत्येकी ८,००० पौंड घातले, टायरोन ओ’सलिव्हन यांच्या पुढाकाराने खाण विकत घेतली आणि जानेवारी १९९५ मध्ये झेंडे घेऊन पुन्हा आत गेले. साथीदारांनीच संचालक निवडले. सरकारी कोळसा महामंडळाने तोट्याची म्हणून बंद केलेली ती खाण साठा संपेपर्यंत, म्हणजे जानेवारी २००८ पर्यंत, चालली. मॉरिसनच्या दोन पिढ्यांनंतर उत्तरार्धाला इतक्या जवळ कोणी पोचले असेल तर ही २३९ माणसे.

नेमक्या त्याच वर्षी पक्षाने कलम काढून टाकले. ऑक्टोबर १९९४ मध्ये ब्लॅकपूलला पक्षनेते टोनी ब्लेअर यांनी कलमाचे नाव न घेता पक्षाच्या उद्दिष्टांना आजची भाषा द्यायची गोष्ट काढली. दोनच दिवसांनी त्याच अधिवेशनाने ५०.९ विरुद्ध ४९.१ टक्क्यांनी कलम चार ठेवायचा ठराव केला. ब्लेअर गावोगाव सभा घेत फिरले. २९ एप्रिल १९९५ ला वेस्टमिन्स्टरच्या त्याच सेंट्रल हॉलमध्ये खास अधिवेशन भरले आणि सुमारे ६५ टक्के मतांनी नवे कलम आले. त्यात उत्पादनाच्या साधनांच्या समाईक मालकीचे ध्येय नव्हते. सदस्यांचे मत सरळ नव्याच्या बाजूने होते, वाहतूक कामगार आणि सार्वजनिक सेवेतल्या सर्वात मोठ्या संघटनेने विरोध केला. पहिल्या भागावरचे ७७ वर्षांचे भांडण संपले आणि त्याबरोबर दुसरा भागही गेला, कोणी त्याची बाजू न मांडता.

परिस्थितीने मात्र पक्षाचे ऐकले नाही. खासगी रेलट्रॅक कंपनीच्या रुळांवर ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्डला अपघात झाला. रूळ तुटला होता. वर्षभरात ब्लेअर सरकारलाच ती कंपनी प्रशासकाच्या हाती द्यावी लागली आणि तिची जागा नफा न वाटणाऱ्या नेटवर्क रेलने घेतली. फेब्रुवारी २००८ मध्ये गॉर्डन ब्राऊन यांच्या सरकारने नॉर्दर्न रॉक बँक ताब्यात घेतली, मग रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा मोठा हिस्सा. पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्या २०१७ च्या जाहीरनाम्यात रेल्वे, पाणी, वीज, टपाल पुन्हा आले. २०२४ मध्ये निवडून आलेल्या सरकारने प्रवासी रेल्वे सार्वजनिक मालकीत घेण्याचा कायदा केला आणि मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे या कायद्याखाली पहिली आली.

पोलादाची कहाणी तर या देशातून त्या देशात फिरत राहिली. १९८८ मध्ये विकलेली ब्रिटिश स्टील हॉलंडच्या कंपनीशी जोडली जाऊन कोरस झाली, कोरस २००७ मध्ये टाटा स्टीलने घेतली आणि पोर्ट टॅल्बटच्या भट्ट्यांचे भवितव्य मुंबईच्या बॉम्बे हाउसमध्ये ठरू लागले. त्या भट्ट्या २०२४ मध्ये बंद झाल्या. स्कनथॉर्पचा कारखाना टाटांनी २०१६ मध्ये एका पौंडाला विकला. २०१९ मध्ये तो दिवाळखोरीत निघाला आणि पुढच्या वर्षी जिंग्ये या चिनी कंपनीकडे गेला. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या दोन भट्ट्या विझणार अशी वेळ आली. भट्टी एकदा थंड झाली की पुन्हा पेटवणे जवळजवळ अशक्य असते. १२ एप्रिल, शनिवारी, सुट्टीवर गेलेले पार्लमेंट परत बोलावण्यात आले आणि एका दिवसात कायदा मंजूर झाला. कोक आणि लोहखनिज मागवणे, कामगारांना पगार देणे, भट्ट्या चालू ठेवणे या गोष्टींचे आदेश देण्याचा अधिकार सरकारकडे आला. त्या दिवशी मालकी मात्र जिंग्येकडेच राहिली, आणि त्याच मालकाने कामावरून कमी करायला घेतलेल्या माणसांना त्या कायद्याने कारखान्याच्या कारभारात जागा दिली नाही.